दुय्यम लीगचा पहिला नंबर

अनय टिपणीसला एमव्हीपी मिळाल्याची बातमी मला कचऱ्याचे डबे आत ओढताना कळली. त्याची आई नेत्रा तिचा डबा ओढत होती, मी माझा. ती म्हणाली, "अगं नीना, अनयला मिळालं ते. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर. सगळ्या लीगमध्ये." उद्या प्लंबर येणार आहे, हे माणूस ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात.

मी डबा रस्त्यातच सोडला. "आणि हे तू कचऱ्यापाशी सांगतेस? ओरड की जरा!"

"ओरडले मगाशी."

"मला नाही आलं ऐकू."

"हळू ओरडले," ती म्हणाली आणि डबा गॅरेजमध्ये घेऊन गेली.

वेस्ट विंडसरच्या या टाउनहाउसांमध्ये अठरा वर्षं आमची आणि टिपणिसांची भिंत एक आहे. त्यांचा मिक्सर लागला की आमच्या कपाटातल्या बशा किणकिणतात, आणि नेत्राचा नवरा सुमंत शिंकला की आमच्याकडून कुणीतरी 'ब्लेस यू' म्हणतं. त्या घरात आनंद झाला असता तर तो मला डब्यापाशी कळण्याची गरज नव्हती. म्हणून मी चपला न बदलता तशीच त्यांच्या घरात घुसले. सुमंत डायनिंग टेबलाशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट होऊन बसला होता. तसा तो मीटिंग नसतानाही म्यूटच असतो.

"सुमंतराव, पेढे! मुलगा पहिला आला."

"हं," सुमंत म्हणाला. "पण पहिला कशात आला ते बघ."

मग त्याने मला समजावलं. अठरा वर्षं शेजारी राहून जे कुणी समजावलं नव्हतं ते. टीव्हीवर दिसतं ते बेसबॉल म्हणजे मेजर लीग. तिच्याखाली मायनर लीगचे वर्ग, शाळेसारखे एकाखाली एक. अनय खालून तिसऱ्या वर्गात, पेन्सिल्वेनियातल्या मिल्सबरो नावाच्या गावच्या हेरॉन्स संघात. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून आम्ही सगळे त्या संघाला बगळेच म्हणतो. तिथे तो तीन वर्षं होता.

"एप्रिलमध्ये त्या लीगमध्ये त्याच्याहून चांगले निदान सात जण होते," सुमंत म्हणाला. "जूनपर्यंत चार वर गेले. ऑगस्टपर्यंत बाकीचे तीन. जे वर गेले त्यांना ही ट्रॉफी मिळत नाही. सीझनभर जे त्याच वर्गात बसून राहिले, त्यातल्या एकाला मिळते."

"म्हणजे नापासांत पहिला?"

हे माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभ चावली. एरवी अशा वाक्यावर सुमंत आठवडाभर माझ्याशी बोलला नसता. त्या दिवशी तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "एक्झॅक्टली." आणि अनम्यूट करून कुणा टॉमला तिमाहीचे आकडे सांगायला लागला.

माणसाला चिडवलं आणि तो चिडला नाही, की काहीतरी बिघडलंय असं समजावं. माझा हा अनुभव आहे.

---

अनय नऊ वर्षांचा असताना हे लोक शेजारी आले. सुमंतला मुलाने क्रिकेट खेळावं असं वाटायचं, पण जवळच्या क्रिकेटच्या मैदानाला पाऊण तास लागायचा आणि बेसबॉलचं मैदान क्लबहाउसच्या मागे होतं. एवढ्या एका कारणावर पोराचं आयुष्य ठरलं. उरलेलं नेत्राने ठरवलं, आणि त्या वेळी मी तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर वेफर्स खात बसले होते, म्हणून मला ते सांगता येतं.

नेत्रा औषधांच्या कंपनीत ड्रग सेफ्टीत आहे. जगात कुठेही कुणाला गोळी घेऊन चक्कर आली, पुरळ उठलं, जीभ सुजली की त्याचा रिपोर्ट हिच्या टेबलावर येतो. वीस वर्षं हेच वाचून तिला साध्या घसरगुंडीतही सहा धोके दिसतात. त्या पहिल्या सरावाला कोचने विचारलं, "कॅचर कोण होणार?" कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, फक्त सबंध सामना उकिडवा बसणारा. एकाही पोराने हात वर केला नाही. कोचने मोठी बॅग उघडली आणि त्यातून हेल्मेट निघालं, तोंडावरची जाळी निघाली, छातीचं कवच, गुडघ्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचे पॅड. बाकीची मुलं एका टोपीवर उभी होती.

नेत्रा ताठ झाली. "सुमंत, तो बघ, त्याला सगळं घालायला देतात."

"उकिडवं बसायला लागतं तिथे."

"बसेल. बाकीच्यांना बघ ना, नुसत्या टोप्या घालून उभी आहेत." आणि खुर्चीतून उठून ती ओरडली, "कोच! माय सन! ही विल डू इट!"

मैदानात सर्वांत जास्त चिलखत ज्याला देतात, त्यालाच सर्वांत जास्त लागतं म्हणून देतात, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. तिघांच्या मिळून पाच डिग्र्या होत्या तेव्हा. मी तर वर म्हणाले, "किती गोड दिसतोय, कासवाचं पिल्लू!"

आणि ते पिल्लू कामात चांगलं निघालं. अनयला आरडाओरडा जमत नाही, पळायला तो माझ्यासारखाच, पण आलेला चेंडू आवाज न करता हातात घ्यायचा, हे त्याला जमायचं. चेंडू टाकणाऱ्यांना तो आवडायचा. हायस्कूल, मग कॉलेज, मग मेजरचे क्लब दर वर्षी नवी पोरं निवडतात, त्यात एका क्लबने सगळ्यांत शेवटी शेवटी त्याचं नाव उचललं. नेत्राने मला फोन केला होता तेव्हा, "उचललं!" आणि मला वाटलं होतं पोलिसांनी.

त्यानंतर सहा वर्षं बसचे प्रवास. अनय उन्हाळाभर घरी नसायचा, हिवाळ्यात यायचा, आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढायचा. मी त्याला दर वर्षी विचारायचे, "काय रे, टीव्हीवर कधी?" आणि तो दर वर्षी म्हणायचा, "वर्किंग ऑन इट, काकू."

---

यंदा तो सप्टेंबरात आला, ट्रॉफी मागच्या सीटवर, तिला सीटबेल्ट लावलेला. मला वाटलं काहीतरी विनोद केलाय. म्हटलं, "अरे वा, सूनबाईंना घेऊन आलास!" तो म्हणाला, "बीपिंग थांबवायला लावला, काकू." गाडीला वाटत होतं सीटवर माणूस बसलंय. त्याने ट्रॉफी आत नेऊन टीव्हीच्या बाजूला ठेवली आणि खाली बेसमेंटमध्ये जाऊन सोफ्यावर झोपला.

त्याची अवस्था मी त्याच्या आईकडून काढून घेतली. क्लबबरोबरचा त्याचा करार संपला होता. आता तो कुणाचाच नव्हता. एजंट म्हणाला होता, ट्रॉफी आहे, कुणीतरी फोन करेल, मार्चमध्ये मेजर लीगच्या कॅम्पला बोलावेल. तिथे चाललं तर वर, नाही तर घरी. आणि डिसेंबरपर्यंत कुणीच बोलावलं नाही तर संपलं. सत्ताविसाव्या वर्षी मायनर लीगचा कॅचर म्हातारा असतो म्हणे. (हे वाक्य मला नेत्राने सांगितलं, मी बावन्नची आहे हे विसरून.)

"म्हणजे फोनची वाट," मी म्हटलं. "आमच्या वेळी मुलगी बघून गेल्यावर बसायचे तसं."

"तसंच."

"पसंती कळवतील का?"

"कळवतील," नेत्रा म्हणाली. हसली नाही. ती लसूण सोलत होती, आणि सोललेल्या पाकळ्या सालींच्या ढिगात टाकत होती.

त्या घरात तेव्हा कुणी दु:खी होतं असं मी म्हणणार नाही. दु:ख कळलं असतं मला. तिघं वेळेवर जेवत होती, भांडी लागत होती, गवत कापलं जात होतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर आपण हसतो तेव्हा तोंड एका बाजूने हलत नाही, तसं ते घर हलत नव्हतं.

---

गणपती यंदा उशिरा आले. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम दर वर्षीप्रमाणे शाळेच्या कॅफेटेरियात, शनिवारी. कमिटीने ठरवलं की अनयचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र लिहायचं काम मोरेश्वरकाकांकडे. काका एक्क्याऐंशीचे, पन्नास वर्षांपूर्वी आलेले, ट्रेंटनच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि आता भाषणांनी झोपवतात, असं मी त्यांना तोंडावर म्हणते. ते म्हणतात, "आणि तू जागी राहतेस, हेच माझं अपयश." त्यांचं एक वेड आहे, मंडळात बोलताना इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही.

सत्काराआधी किचनमध्ये मोदक निघत होते. मोठ्या स्टीमरचं झाकण काढलं की वाफेचा लोट यायचा, आणि आम्ही सगळ्या चिमटे शोधत होतो. अनय म्हणाला, "मी काढतो काकू," आणि डाव्या हाताने, उघड्या बोटांनी, एकेक मोदक उचलून ताटात ठेवायला लागला. बायकांनी ओठ चावले. कुणीतरी म्हणालं, "बघा, खेळाडूचा हात!" मी म्हटलं, "याला बेसबॉल सोडायला लावा, केटरिंगला लावा."

तो वीस-बावीस मोदक काढून हात पुसायला सिंककडे गेला. मी त्याच्यामागे रुमाल घेऊन गेले. त्याच्या पहिल्या बोटाच्या टोकाला पांढरा फोड आला होता आणि तो त्याच्याकडे, दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसा बघत होता.

"भाजलं की रे!"

"ओह," तो म्हणाला. "येस. लुक्स लाइक इट."

मी आणखी विचारणार तेवढ्यात माइकवरून त्याचं नाव पुकारलं.

शाल झाली. मोरेश्वरकाकांनी नारळ दिला. अनयने डावा हात पुढे केला, नारळ त्याच्या हातात गेला, आणि सुटला. स्टेजवर आदळून तो गणपतीच्या पाटापर्यंत गडगडत गेला. सगळा कॅफेटेरिया हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "एमव्हीपीचा कॅच सुटला!" मीसुद्धा हसले, सवयीने, आणि मध्येच थांबले. काका हसत नव्हते. ते अनयच्या हाताकडे बघत होते.

मग मानपत्र. "दुय्यम संघांच्या स्पर्धामालिकेतील सर्वाधिक मूल्यवान क्रीडापटू, चिरंजीव अनय सुमंत टिपणीस यांस," काकांनी खणखणीत वाचलं. टाळ्या झाल्या.

कार्यक्रमानंतर स्टेजमागे अनयने मला विचारलं, "काकू, व्हॉट्स दुय्यम?"

"अरे... म्हणजे... सेकंड."

"सेकंड प्लेस?"

"नाही नाही. दुसऱ्या दर्जाचं. म्हणजे मायनर, तेच."

"ओह, ओके. दॅट्स अ‍ॅक्युरेट." त्याने मानपत्राची नीट घडी घातली.

मी काकांवर उखडले. "काका, अहो पोराच्या मानपत्रात कुणी दुय्यम लिहितं का?"

"मग मायनरला काय लिहू? किरकोळ? अल्पवयीन? कोशात तिन्ही आहेत. त्यातल्या त्यात मान राहील असा निवडला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते जाऊ दे. तू इकडे ये रे. हात दे. डावा."

त्यांनी शर्टावरच्या बॅजची टाचणी काढली. अनयला डोळे मिटायला सांगितले. "टोचतंय?"

"नो."

"आता?"

"नो. तुम्ही टोचलं का?"

"दोनदा," काका म्हणाले.

तेव्हा त्याने सांगितलं. जूनपासून. शंभर मैलांच्या वेगाने येणारे चेंडू, रोज दीडशे, सगळे ग्लव्हमधल्या डाव्या हातावर, त्याच दोन बोटांच्या बुडाशी, सहा वर्षं. आधी मुंग्या यायच्या, मग काहीच नाही. संघाच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं. एकदा कागदावर आलं की कुणी फोन करत नाही. "आणि माहितीय काय काका, इट्स फनी, पिचर्स म्हणायला लागले, यंदा तुझे हात किती सॉफ्ट झालेत. झोपलेल्या बाळासारखा घेतोस बॉल. त्यांनीच मॅनेजरांना सांगितलं असणार, व्होट फॉर हिम."

"नस चेपलीय आणि टोकापर्यंत रक्त पोचत नाही नीट," काका म्हणाले. "आत्ता थांबलास तर येईल परत, हळूहळू. आणखी एक सीझन पकडत बसलास तर मी सांगू शकत नाही."

"आईला नाही सांगायचं. प्लीज. काका. काकू."

"माझं तोंड पेशानेच बंद असतं," काका म्हणाले. "हिचं काय?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडाचा लौकिक मला माहीत आहे. कॉलनीतल्या दोन साखरपुड्यांच्या बातम्या मी मुलामुलीच्या आधी दिल्या आहेत. पण मी म्हटलं, नाही सांगणार. आणि नाही सांगितलं. सहा आठवडे नेत्रा भेटली की मी हवामानावर बोलायचे.

---

फोन आला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी, पश्चिमेकडच्या एका क्लबकडून. मार्चच्या कॅम्पला बोलावणं, मेजरच्या. नेत्राने या खेपेला भिंतीवर दोन थापा मारल्या, हीच तिची आरोळी. एक अट होती. वैद्यकीय तपासणी, आणि त्याआधी ऑनलाइन फॉर्म, रविवारपर्यंत.

त्या रविवारी नरक चतुर्दशी होती. सकाळी सातला मी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. किचनमध्ये जमिनीवर टॉवेल अंथरून, त्यावर पाट टाकून, सहा फुटांचा अनय हाफ पँटवर बसला होता आणि नेत्रा त्याला तेल लावत होती. हे त्यांच्याकडे दर वर्षी होतं. तो दिवाळीला घरी असतो, तेवढा एक फायदा त्या खेळाचा. सुमंत जिन्यात बसून चहा पीत होता. डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

"या, वहिनी," सुमंत म्हणाला. मला वहिनी तो फक्त सणाला म्हणतो.

नेत्राने डोकं चोळलं, पाठ चोळली, उजवा दंड, उजवा हात, बोटं. मग डावा. डाव्या हाताच्या बोटांशी आल्यावर ती थांबली.

"हा हात गार का?"

"आत्ता उठलोय, आई."

"उजवा गरम आहे."

तिने पहिल्या बोटाचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं, आणि पांढरंच राहिलं. तिने परत दाबलं, जोरात.

"दुखतं?"

"नो."

"हे?"

"नो, आई. इट्स फाइन."

तेलाचा हात तसाच धरून नेत्राने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मी दाराशी डबा घेऊन उभी होते.

"नीना, तू येऊन पाच मिनिटं झाली," ती म्हणाली. "एवढा मोठा पोरगा पाटावर बसलाय, आणि तू एक शब्द बोलली नाहीस. तुला माहिती आहे."

गप्प बसण्याने मी पहिल्यांदाच काही फोडलं असेल.

"मलाही माहिती आहे," जिन्यातून सुमंत म्हणाला. "ऑक्टोबरपासून. तो जॅकेटची चेन एका हाताने लावतो. डाव्या हाताला सापडत नाही ती."

अनयने वर बघितलं. "बाबा, यू न्यू?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मला वाटलं आता नेत्रा रडेल, किंवा आम्हा तिघांना झोडपेल. मी तयारीत होते. तिने टॉवेलला हात पुसले आणि ऑफिसमधल्या आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"जून."

"कुठली बोटं?"

"पहिलं. दुसरं थोडंसं."

"अजून आहे की येऊन जाऊन?"

"अजून आहे."

"कुणाला रिपोर्ट केलं?"

"मोरेश्वरकाका. बॅज पिन."

ती खाली बसली, त्याच्यासमोर, जमिनीवर. म्हणाली, "मी केलं तुला कॅचर. तिथे सगळं घालायला देत होते म्हणून."

"आई, आय लाइक्ड इट."

"नऊ वर्षांचा होतास. तुला तेव्हा दुधी भोपळासुद्धा आवडायचा."

सुमंत उठला आणि लॅपटॉपशी गेला. फॉर्ममध्ये चव्वेचाळीस प्रश्न होते. अनयने त्रेचाळीस भरले होते. राहिलेला एक असा होता: गेल्या बारा महिन्यांत हात, पाय किंवा बोटांत बधिरपणा आला आहे का. हो किंवा नाही.

"नाही म्हटलं तर मार्चपर्यंत कुणाला कळणार नाही," अनय म्हणाला. तो उठून आला होता, अंगाचं तेल तसंच. "माझी ग्रिप ओके आहे. त्यांची टेस्ट मी पास होईन. कॅम्पमध्ये दोन आठवडे मिळाले तर... एकदाच तर खेळायचंय वर. वन गेम."

"मग?" सुमंत म्हणाला.

"मग काय?"

"मग हे रिकामं का ठेवलंस?"

अनय आईकडे वळला. तिने डोकं हलवलं. "मी नाही सांगणार. एकदा तुझ्या वतीने मी हात वर केला होता. मी रोज असे फॉर्म वाचते अनय, रिकामी जागा दिसली की परत पाठवते, एवढंच माझं काम. काय भरायचं ते ज्याचं त्याने."

मी चकल्यांचा डबा ओट्यावर ठेवून दिला.

अनय उभ्याउभ्याच म्हणाला, "लास्ट वीक ऑफ द सीझन. थर्ड बेसवरून एक जण धावत आला. थ्रो आला, मी टॅग केलं, म्हणजे बॉलसकट ग्लव्ह त्याला टेकवला, अंपायर म्हणाला आउट. आणि मी ग्लव्हमध्ये बघितलं. बॉल आहे का ते. सगळ्यांना वाटलं मी शो ऑफ करतोय. मला खरंच माहीत नव्हतं." मग तो सुमंतकडे वळला. "कॅचरला बघायला लागत नाही, बाबा. बघायला लागलं तर तो कॅचर नाही."

त्याने उजवं बोट टॉवेलला पुसलं, तरी तेलकट राहिलंच, आणि कर्सर दोनदा घसरून 'नाही'वर गेला. तिसऱ्या वेळी त्याने 'हो' दाबलं. खाली एक चौकोन उघडला, तपशील लिहा. त्याने लिहिलं: डावा हात, पहिलं आणि दुसरं बोट, जूनपासून. नेत्राने मागून वाकून वाचलं आणि म्हणाली, "अजून चालू आहे, ते लिही." त्याने तेही लिहिलं आणि पाठवून दिलं.

"पाणी गार होतंय," ती म्हणाली. तो आंघोळीला गेला.

---

आठ दिवसांनी क्लबची ईमेल आली, तीन ओळींची. सध्या पुढे जाता येत नाही, शुभेच्छा. अनयने ती किचनमध्ये वाचून दाखवली. सुमंतने विचारलं, "आणखी कुठून?" तो म्हणाला, "नो. सगळ्यांना कळतं एकमेकांचं." नेत्राने हाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती, तिची वेळ सांगितली. मग तिघं कॉस्टकोला गेली, कारण तांदूळ संपला होता. हे मला भिंतीतून नाही कळलं, नेत्राने स्वत: सांगितलं.

डॉक्टरांनी काकांचंच सांगितलं. पकडणं बंद, गार हवेत हातमोजा, दर सहा आठवड्यांनी तपासणी. सहा वर्षं खेळून अनयच्या नावावर मेजरचा एकही चेंडू नाही आणि मायनरच्या एका मोसमाची ट्रॉफी आहे. पाहुणे विचारतात, ही कसली? नेत्रा म्हणते, अनयची. पुढे कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

डिसेंबरात बर्फ पडला तेव्हा आमचा ड्राइव्हवे मीच काढत होते. अनय बाहेर आला, हातमोजे घालून, आणि माझ्या हातातून फावडं घ्यायला लागला. मी दिलं नाही. आम्ही दोघं एकाच फावड्याला धरून उभे राहिलो.

"ऐक," मी म्हटलं. या वेळी चेष्टा न करता विचारलं. "वाईट वाटतंय का रे?"

त्याने खरोखर विचार केला. दाढेवर जीभ फिरवून बघतात तसा.

"रोज चेक करतो, काकू," तो म्हणाला. "अजून तरी काही नाही."

"बोटाचं विचारत नाहीये मी."

"आय नो."

मी फावडं सोडलं. त्याने उजव्या हातावर जोर देऊन आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत एक सरळ पट्टा काढला, मग त्यांच्या दारापासून. आतून नेत्राने खिडकी वाजवून विचारलं, दोघं चहा घेणार का. घेतो म्हणालो.